जकातघराचा मूळ रंग

आमच्या गावच्या इतिहास मंडळाकडे इतिहास थोडा आणि मंडळ भरपूर आहे. इतिहास म्हणजे पुलाच्या तोंडाशी असलेलं जुनं जकातघर. पूर्वी पूल ओलांडणाऱ्या गाड्यांकडून तिथे पैसे घ्यायचे. पुढे जकात बंद झाली, गाड्या फुकट जायला लागल्या आणि त्या घराला उद्योग उरला नाही. दीड खोली, वर कौलं, पैसे घेणारा हात बाहेर यावा एवढीशी खिडकी आणि घराच्या मानाने फारच जाड दार. नगरपालिकेने हे घर मंडळाला वापरायला दिलं आहे. किती काळ, तर परत मागेपर्यंत.

मंडळाची चिटणीस माझी आत्या. फोन जोडून द्यायला माणूस लागायचं त्या काळात ती टेलिफोन कार्यालयात नोकरीला होती. "सगळ्या गावाची बोलणी मी जोडून दिली, माझी तेवढी कुणी केली नाहीत," असं ती स्वतःच सांगते, आणि हसावं की नाही हे समोरच्याला ठरवता येण्याआधी दुसऱ्या विषयावर जाते. निवृत्त झाल्यापासून ती आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. म्हणजे झोपायला येते. बाकी वेळ जकातघर. त्याची चावी वीतभर लांब आहे. पर्समध्ये मावत नाही म्हणून ती कापडी पिशवीत असते, आणि आत्या चष्मा विसरेल पण ती पिशवी विसरणार नाही. नुसत्या चावीने ते दार उघडतही नाही. चावी अर्धी फिरवायची, दार गुडघ्याने जरा वर उचलायचं, मग उरलेली अर्धी. हे फक्त आत्याला जमतं. "ढकलायचं नाही, समजूत काढायची," ती म्हणते.

छपरासाठी निधी हा मंडळाच्या प्रत्येक सभेतला पहिला विषय असतो. शेवटचा विषय चहा. मध्ये इतिहास. निधी उभारायचे प्रयत्न कमी झाले नाहीत. एकदा जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. गाव लोटलं. प्रत्येकाने आपापल्या नातेवाइकांचे फोटो शोधले, "हा आमच्याकडे नाहीये" म्हणून काढून घरी नेले, आणि संध्याकाळी भिंतीवर नुसते खिळे राहिले. मग सोडत काढली. पहिलं बक्षीस, टेबलफॅन, खजिनदारांना लागलं. त्यांनी ते मोठ्या मनाने मंडळाला परत दिलं. मंडळाने पुढच्या सोडतीत तोच पंखा ठेवला आणि तो अध्यक्षांच्या बायकोला लागला. त्यानंतर गावाने तिकिटं घेणं बंद केलं.

अध्यक्ष दंतवैद्य आहेत. कुठलाही प्रश्न आला की ते आधी मान तिरकी करून त्याच्याकडे बघतात आणि मग म्हणतात, "मूळ शाबूत आहे ना? मग वरचं काहीही करता येतं." जकातघरात एक जुनी खुर्ची आहे, जकात घेणाऱ्या कारकुनाची, आणि तिच्यावर 'बसू नये' अशी पाटी. सभेला खुर्च्या कमी पडतात म्हणून अध्यक्ष तिच्यावर बसतात, पाटी मांडीवर घेऊन. खजिनदारांचं बाजारात रंगांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. त्यांना सगळे रंगवाले म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी जकातघराच्या दाराशेजारचा नगरपालिकेचा लाकडी सूचनाफलक कुजून पडला, आणि त्याच्याखाली भिंतीवर रंगाचा एक जाड पोपडा निघाला. बाकीची सगळी भिंत पांढरी, चुन्याची. पोपडा तेवढा तपकिरी, खडबडीत, परातीएवढा. आत्याने नाण्याने खरवडायला सुरुवात केली. तपकिरीखाली करडा, करड्याखाली लाल, मग एक पिवळट, मग निळा. निळा दिसताच आत्या थांबली.

"हा रंग मी ओळखते," ती म्हणाली.

तिने एवढंच म्हटलं होतं. पण चिटणीसबाई ओळखतात म्हटल्यावर तो मूळ रंगच असणार, असं सगळ्यांनी धरलं. तर्कही चोख होता. फलक जुना, म्हणून त्याच्याखालचं त्याहून जुनं. बाकीच्या भिंतीवरचा निळा ऊन-पावसाने गेला, फलकाखालचा तेवढा वाचला. मधले रंग नंतरच्या डागडुजीचे. निळ्याच्या खाली आणखी काही आहे का, हे कुणी पाहिलं नाही, कारण तोवर टाळ्या झाल्या होत्या.

'गावाचा निळा' ही मोहीम मात्र चालली. रंगवाल्यांनी दोन दिवसांत ती छटा जुळवून दिली. देणगी देणाऱ्याला त्या निळ्याचा छोटा डबा, एक ब्रश आणि दारावर लावायला पत्र्याची चकती मिळायची. डबे त्यांनी मंडळाला ना नफा तत्त्वावर दिले. ब्रशला ते तत्त्व लागू नव्हतं. सहा महिन्यांत बाजारातली निम्मी दारं निळी झाली, दवाखान्याची पाटी निळी झाली, न्हाव्याने तर खुर्च्यांचे पायसुद्धा सोडले नाहीत. परगावचे लोक विचारायला लागले की इथे निळ्याचं काय आहे. आमचे लोक सांगायला लागले की पहिल्यापासून आहे.

विरोधात एकच माणूस होता. हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं म्हणणं, मूळ रंग पिवळा. फलकाच्या खिळ्यांभोवती भिंतीत पिवळा रंग मुरलेला त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि वर्तमानपत्राला त्याबद्दल पत्रं लिहिली होती. गावाने त्यांना पिवळे काका करून टाकलं होतं. ते प्रत्येक सभेला वेळेवर येत, प्रत्येक ठरावाला विरोध करत आणि चहाला थांबत.

अशात वारसा कार्यालयाने कळवलं की मंडळाने जमवलेल्या निधीइतकीच भर ते छपरासाठी घालतील. अट एकच: इमारतीला तिचा मूळ रंग द्यायचा, आणि तो मूळ असल्याचा शास्त्रीय अहवाल जोडायचा.

"अहवाल कुठून आणायचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमच्या घरात एक शास्त्रज्ञ रिकामी बसलीय," आत्या म्हणाली.

रिकामी हा आत्याचा शब्द. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन संशोधनाच्या प्रवेशाची वाट बघत होते. रिकाम्या माणसाची आणि वाट बघणाऱ्या माणसाची दिनचर्या सारखीच दिसते, एवढं मी मान्य करते.

"घरचाच परीक्षक," पिवळे काका म्हणाले. "म्हणजे निकाल आधीच लागला की."

"अहो, ती माझी भाची आहे, माझी वकील नाही."

"बाई, नुसतं ओळखते म्हणून चालत नाही. डोळे सगळ्यांना असतात."

आत्याने पिशवीतून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. लाकडावर मोठा आवाज झाला. "निळा मूळ निघाला नाही, तर ही चावी इथे ठेवून मी घरी जाईन. पुन्हा उंबरा चढणार नाही. लिहू का इतिवृत्तात?"

"लिहा," पिवळे काका म्हणाले.

आणि इतिवृत्त आत्याच लिहायची, म्हणून तिने लिहिलं.

रंगाचे थर बघायची पद्धत सोपी आहे. भिंतीवरून नखाएवढा तुकडा सगळ्या जाडीसकट काढायचा, पारदर्शक राळेत बसवायचा, राळ घट्ट झाली की कड घासून गुळगुळीत करायची आणि ती कड सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मग वरून जे एकच दिसतं ते बाजूने पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. मी एक तुकडा पोपड्यातून घेतला आणि तीन बाकीच्या भिंतीतून, आणि माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथल्या बाई म्हणाल्या, "नोकरी नाही लागली का अजून?" मी म्हटलं, भिंत बघतेय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

भिंतीचे तिन्ही तुकडे सारखे निघाले. पांढरा चुना, त्यावर काळी बारीक रेघ, पुन्हा पांढरा, पुन्हा रेघ, आणि असंच वरपर्यंत. काळी रेघ म्हणजे धूळ आणि काजळी. रंग दिल्यावर तो काही वर्षं उघड्यावर राहतो, त्याच्यावर धूळ बसते आणि पुढच्या हातात ती गाडली जाते. म्हणजे जकातघराला सुरुवातीपासून नुसता पांढरा चुना देत आले होते. निळ्याचा कण नाही. पिवळ्याचाही नाही. खिळ्यांभोवती जे पिवळं होतं तो चुन्यात उतरलेला गंज होता.

पोपड्याचा तुकडा वेगळा होता. तळाशी तोच पांढरा चुना. मग एकदम तेलाचे रंग: हिरवा, करडा, दुसरा हिरवा, मातकट, निळा, पिवळट, लाल, आणि असे कितीतरी. काही थर इतके पातळ की ब्रश टेकवून उचलल्यासारखे. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण एक गोष्ट दिसतच नव्हती. त्या रंगांमध्ये काळी रेघ नव्हती. एवढे रंग एकावर एक चढले, आणि मध्ये धूळ बसायलाही कुणी वेळ दिला नव्हता. घर असं कुणी रंगवत नाही.

मी फोनवर त्या पट्ट्यांचा फोटो घेतला आणि रंगवाल्यांच्या दुकानात गेले. रंग काय आहेत हे मला कळत होतं. कुणाचे आहेत हे ते सांगू शकतील असं वाटलं.

"या शास्त्रज्ञबाई. निळा पास झाला का?"

"हे रंग ओळखता येतील?"

त्यांनी चष्मा कपाळावर नेला, फोन नाकाला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! हा हिरवा म्हणजे शिंप्याच्या दुकानाच्या फळ्या. बाबांनी स्वतः घोटला होता. हा करडा बँकेच्या गजांचा. हा लाल... पोस्टाचा. नाही, पोस्टाचा जरा काळपट होता. हा सायकलवाल्याचा."

"हे सगळे जकातघराच्या भिंतीवर कसे आले?"

"आले म्हणजे? जकात बंद झाल्यावर आमचे रंगारी शिड्या आणि डबे तिथेच ठेवायचे. सकाळी कामाला निघताना डबा ढवळायचा, भिंतीवर एक हात मारून बघायचा, उन्हात कसा दिसतो ते. संध्याकाळी परतले की ब्रश तिथेच पुसायचे. रोजचंच ते. भिंत इतकी घाण दिसायला लागली की शेवटी नगरपालिकेने वर फलक ठोकला."

"काका, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असेल. निदान आमच्या वयाच्यांना."

"मग सभेत का नाही सांगितलं?"

"विषय कुठे होता?" ते खरोखरच गोंधळले होते. "सभेत मूळ रंगाची चर्चा होती. ब्रश कुठे पुसायचे, ते कुणी विचारलंच नाही."

बरं, ते खोटं बोलत होते असंही नाही. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत होत्या आणि मधली फळी पक्की होती. निळ्याचे डबे खपत होते, तेव्हा ती काढून बघायची त्यांना गरजही पडली नसावी.

"आणि हा निळा?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा फोन नाकाला लावला. "हा तर तुमचाच. तुझ्या आजोबांनी घराच्या दाराला दिला होता. उरलेल्या दोन डब्यांतून बाबांनी मिसळून दिला, स्वस्तात. पुन्हा तसा जमला नाही कधी."

आमचं दार आता तपकिरी आहे. मी घरी येऊन बिजागरीच्या मागची कड पेन्सिल तासायच्या पात्याने खरवडली, जिथे रंगारी नीट पोचत नाही. तपकिरीखाली निळा होता. तुकडा काढून मी तोही राळेत बसवला. पोपड्यातल्या निळ्याच्या शेजारी ठेवला तर दोन्हीकडे तेच: गडद निळ्यात पांढरे दाणे, नीट न घोटलेले, स्वस्तातल्या कामाचे.

आत्या ओळखते म्हणाली, ते खरंच होतं. ती तो ओळखत होती. फक्त कुठून, ते तिला आठवलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला सांगितलं. ती स्वयंपाकघरात बशा पुसत होती. मी फोटो दाखवले, रेघा दाखवल्या, दार दाखवलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. पूर्वी फोन जोडून दिल्यावर ती असंच गप्प ऐकत असेल, असं मला वाटून गेलं.

"म्हणजे मी गावाला आपल्या घराचा रंग विकला."

"तू विकला नाहीस. चुकलीस फक्त."

"लोकांना तो फरक सांगायला कोण जाणार? तू?" तिने बशी पुन्हा पुसली. ती कोरडीच होती. "उद्या सगळे म्हणतील, बाईने बापाचं दार वारसा म्हणून खपवलं."

"अहवालात आपल्या घराचं लिहायची गरज नाहीये, आत्या. मूळ रंग पांढरा, एवढं पुरे."

"मग निळा कुठला, विचारतील."

"सांगायचं, ब्रश पुसलेला."

"कुणाचा?"

मी फोनवरचे फोटो बंद केले.

"तुला येतं तसं लिही सगळं," ती म्हणाली. "अर्धवट शास्त्र नको घरात. अर्धवट इतिहास आहेच."

मग तिने पिशवीतून चावी काढली आणि त्याच फडक्याने ती पुसायला घेतली. तिच्या खाचांत काय काय साठलं होतं, ते काढत बराच वेळ बसली. छपराचं होईल नाहीतर होणार नाही. पण सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न तिने इतकी वर्षं त्या चावीने सोडवला होता.

सभेला गर्दी होती. अध्यक्ष पाटी मांडीवर घेऊन बसले. मी अहवाल वाचला. थर काय, रेघा काय, चुना काय, समजावून सांगितलं. मूळ रंग पांढरा, हे वाक्य वाचल्यावर खोलीत कुणीतरी "अरेरे" म्हणालं, एखाद्याच्या आजाराची बातमी कळावी तसं.

"आणि पिवळा?" पिवळे काकांनी विचारलं. ते खुर्चीच्या टोकावर आले होते.

"तो गंज आहे काका. खिळ्यांचा."

"गंज."

"हो."

"म्हणजे मी दोन वर्षं गंजासाठी भांडलो?"

कुणी हसलं नाही. हसण्याजोगं होतं, पण प्रत्येकाच्या दाराला निळा रंग होता.

मग आत्या उभी राहिली. "निळा कुठला ते मी सांगते. तो आमच्या घराच्या दाराचा. मी शाळेत असताना वडिलांनी दिला होता. भिंतीवर दिसला तेव्हा ओळखीचा वाटला, आणि मी बोलून गेले. माझी चूक. ही चावी."

पुन्हा लाकडावर तो आवाज झाला.

"अहो बाई, असं काय करता," रंगवाले म्हणाले. "दार काही परदेशातलं नव्हतं. गावातलंच ना?"

"आणि लोकांनी घरं रंगवलीत त्याचं काय?" मागून एक बाई म्हणाल्या. "आमच्याकडे गेटसुद्धा निळं केलंय. आता पांढरं करायचं?"

"पांढरं मळतं हो."

"चकत्या परत घेणार का मंडळ?"

अध्यक्षांनी मान तिरकी केली. "शांत, शांत. घाबरायचं कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की मूळ रंग कोणता हे ठरवायचं कुणी?"

"तो ठरवायचा नसतो," मी म्हटलं. "तो असतो."

"असू दे ना. त्याला कोण नाही म्हणतंय? पण ठरावात काय लिहायचं, ते तर ठरवावंच लागेल." ते माझ्याकडे बघून हसले, तोंड उघडायला सांगतात तसे. "अहवाल उत्तम आहे. तो जोडूच. वारसा कार्यालयाने अहवाल जोडा म्हटलंय, अहवालाप्रमाणे वागा असं कुठे म्हटलंय?"

"म्हटलंय. मूळ रंग द्या म्हटलंय."

"आणि तो आपण आता ठरवतोय. तर, मूळ रंग निळा. बाजूने?"

हात वर गेले. आधी रंगवाल्यांचा, मग गेटवाल्या बाईंचा, मग सगळ्यांचे. पिवळे काकांचा हात खाली होता. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"पांढरा असं कुणीच कधी म्हणालं नव्हतं," ते म्हणाले. "पांढऱ्याशी माझा काय संबंध? निळ्याशी निदान भांडण तरी आहे." आणि त्यांनी हात वर केला. मंडळाच्या इतिहासात त्यांनी पाठिंबा दिलेला हा पहिला ठराव.

"विरोधात?"

आत्याने हात वर केला. निळा शोधून काढणारी बाई, आणि निळ्याच्या विरोधात ती एकटी. मी सभासद नाही, म्हणून माझा हात मोजण्यात येत नव्हता.

"ठराव मंजूर," अध्यक्ष म्हणाले, आणि चावी टेबलावरून आत्याकडे सरकवली. "घ्या बाई. आता तर अडचणच नाही. तुमची अट काय होती, निळा मूळ निघाला नाही तर. तो निघालाय. बहुमताने."

आत्याने चावीकडे पाहिलं. एवढं सोपं होतं ते. हात पुढे करायचा, पिशवीत टाकायची, उद्या सकाळी गुडघ्याने दार उचलायचं. मी मनातल्या मनात म्हणत होते, घे. मी अहवाल लिहिला होता, आणि तरी म्हणत होते.

"ठरावाप्रमाणे मी बरोबर आहे," आत्या म्हणाली. "पण मला माहितीये ना मी चुकलेय." तिने इतिवृत्त पूर्ण केलं, सुवाच्य अक्षरात, निळ्यासकट. खाली सही केली. मग रिकामी पिशवी घडी करून हातात घेतली आणि बाहेर पडली. चहालाही थांबली नाही.

नवे चिटणीस पिवळे काका झाले, कारण एवढ्या सभांना नियमित येणारं दुसरं कुणी नव्हतं.

वारसा कार्यालयाने पैसे मंजूर केले. माझा अहवाल आणि मंडळाचा ठराव एकाच पाकिटात गेले होते, एकमेकांच्या थेट विरुद्ध. पण अहवाल हवा होता, अहवाल होता. त्यात काय आहे ते बघणारा विभाग बहुधा वेगळा असावा. छप्पर मात्र खरोखर दुरुस्त झालं. ते आता गळत नाही, आणि निळ्याशिवाय ते झालं नसतं, हे मला माझ्या कुठल्याच पट्टीत बसवता येत नाही.

रंगकामाच्या दिवशी छोटा समारंभ होता. आत्या येणार नव्हती. मग म्हणाली, मला शिंप्याकडे काम आहे. शिंप्याचं दुकान जकातघराच्या बरोबर समोर आहे. म्हणून आम्ही दोघी शिंप्याच्या पायरीवर उभ्या राहिलो, आणि शिंप्यानेही काम काय ते विचारलं नाही.

समोर पिवळे काका दाराशी झटत होते. चावी कुलपात होती. कार्यालयाचे साहेब आले होते, अध्यक्ष आले होते, दार हलत नव्हतं. काकांनी खांदा लावला. रंगवाल्यांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावला.

"ढकलतायत बघ," आत्या दातओठ खात पुटपुटली. "मोडतील ते." आणि मग रस्त्यापलीकडून ओरडली, "अहो, गुडघा! गुडघा लावा!"

"गुडघा राहिलाय कुठे, बाई?" काका ओरडले. "दोन्ही गेलेत!"

आत्या रस्ता ओलांडून गेली. उंबरा चढणार नाही असं तिने लिहून दिलं होतं, म्हणून तिने उंबऱ्याच्या बाहेरूनच अर्धी चावी, गुडघा, उरलेली चावी असं केलं. दार उघडलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो समारंभाचाच भाग वाटला असावा. आत्याने चावी काकांच्या हातात दिली आणि परत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

पोपड्याभोवती पितळी चौकट बसली होती. 'मूळ रंग' अशी पट्टीही होती. काच अजून यायची होती. रंगारी आला, त्याने डबा उघडला, काठीने ढवळला, ब्रश बुडवला. भिंतीकडे वळला. आणि मग, कुणी न सांगता, त्याने दाराशेजारच्या चौकटीत एक हात मारला, मान मागे घेऊन उन्हात बघितलं, ब्रशची दुसरी बाजू तिथेच पुसली आणि कामाला लागला.

"अहो!" मी पायरी उतरले. आत्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"अगं, त्याने नमुन्यावरच..."

"राहू दे म्हणते ना." ती बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं. "मला एक सांग. या हाताच्या खाली आता ती काळी रेघ असेल का? धुळीची?"

मी विचार केला. फलक पडून दोन वर्षं झाली होती, आणि जकातघर रस्त्यावर आहे. "असेल. चांगली जाड असेल."

"झालं तर. पुढे कुणी बघितलं तर त्याला कळेल, मध्ये बरेच दिवस कुणी ब्रश पुसायला आलं नव्हतं."

समोर साहेब भाषणाला उभे राहिले होते. गावाने आपला मूळ रंग कसा जिवापाड जपला, याबद्दल ते बोलत होते. त्यांच्या पाठीमागे पिवळे काका चावी घेऊन दाराशी वाकले होते, आणि थोड्या वेळाने त्यांनी भाषणावरून आवाज चढवून विचारलं, "बाई, उघडलं ते बघितलं. पण हे बंद कसं करायचं?"

आत्याने घडी केलेली पिशवी उलगडली, खांद्याला अडकवली आणि रस्ता ओलांडायला लागली.

"आले," ती म्हणाली. "ढकलू नका."